डब्यातली कॅनडाची नाणी

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेलं नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी लेस्टरच्या एका पोलीस स्टेशनमध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. मराठी बोलणारा तिथे मी एकटाच.

एका विधुर मराठी डॉक्टरांनी तक्रार दिली. टोरांटोत वारलेल्या भावाने त्यांच्यासाठी चांदीच्या कॅनेडियन नाण्यांचा डबा ठेवला होता. जुन्या नाण्यांच्या एका दुकानदाराने ती तपासली, तर निम्मी लोहचुंबकाला चिकटली. चांदी चिकटत नाही. डॉक्टरांच्या मते कोणीतरी नाणी बदलली होती, आणि घरात बाहेरचं माणूस येई ते एकच, अकरा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाई. त्याच दुकानदाराने फोन करून कळवलं, की एक भारतीय बाई पूर्वी कॅनेडियन नाण्यांचा भाव विचारून गेली होती. ती बाई म्हणजे याच, हे चौकशीत कळलं. झडतीत त्यांच्या घरी तीन नाणी मिळाली.

"डॉक्टरांच्या मिसेसनी टोरांटोहून आणून दिली होती मला. त्यांचाच भाव विचारला होता," त्या म्हणाल्या. मिसेस हयात नव्हत्या.

त्यांना स्टेशनवर आणलं. जबाबाची टेप लावण्याआधी कॉरिडॉरमध्ये मी मराठीत म्हणालो, "बाई, कबूल करून टाका. संध्याकाळपर्यंत घरी जाल." नियमात हे बसत नव्हतं. टेपवर त्यांनी चोरी कबूल केली.

नाणी बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला. डब्यातली १९६६ पर्यंतची नाणी ऐंशी टक्के चांदीची, चिकटणारी सगळी १९६८ नंतरची, निकेलची. कॅनडाने तोवर नाण्यांतली चांदी बंद केली होती. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ड्रॉवरमधून भावाचं पत्र काढलं. त्यात एकेका नाण्याचं साल लिहिलेलं होतं. सगळी सालं जुळली. एकही नाणं बदललेलं नव्हतं.

"सगळी चांदीचीच आहेत, असं तो म्हणायचा हो," डॉक्टर खुर्चीत बसत म्हणाले. "पत्र मी नीट वाचलंच नाही."

नाण्यांवरची सालं मीही पाहिली नव्हती.

"मग कबूल का केलंत?" मी बाईंना विचारलं.

"तुम्ही आपल्यातले. म्हटलं, भल्यासाठीच सांगत असाल."

केस मागे घेतली. पण तोवर शाळेच्या किचनमधली त्यांची दुसरी नोकरी गेली होती, आणि ओळखीची माणसं त्यांना घरी बोलवेनाशी झाली होती. त्या बर्मिंगहॅमला बहिणीकडे गेल्या. काही महिन्यांनी मी माफी मागायला गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"येस, ऑफिसर?"

मी मराठीत बोलत राहिलो. त्या मोडक्या इंग्रजीत उत्तरं देत राहिल्या. मग दार लागलं.

कबुली म्हणजे पुरावा नव्हे, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मला ते एका बाईचा संसार उसवल्यावर कळलं. परक्या पोलीस स्टेशनात आपली भाषा ऐकून तिला धीर आला होता, आणि मी त्या धीराचाच फायदा घेतला. त्याची भरपाई माझ्या हातून कधीच झाली नाही.