दारातून वाचणारी बाई

एखादं पान तयार झालं की ती खुर्ची मागे सारून उठायची, ऑफिसच्या दारापर्यंत जायची, उंबऱ्यावर उभी राहून डोळे बारीक करायची आणि तिथून संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणायची, "हितनं वाचाय येतंय का बघा."

मग आम्हा सगळ्यांना उठून दारात जावं लागे. बेळगावच्या टिळकवाडीत एका शिंप्याच्या दुकानावर आमचं ऑफिस. शाळा, पतसंस्था, दूधसंस्था, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट आम्ही करायचो. प्रत्येक पान दोनदा, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. आमच्या भागात ज्यांनी कधी दुकानाला पाटी लावली असेल, त्यांना हे समजावून सांगायला नको.

ती येण्याआधी त्या ऑफिसात अक्षरांचा माणूस मी होतो. हिंडलग्याच्या शाळेतले सुविचार, गणपती मंडळांचे फलक, निम्म्या गावाच्या लग्नपत्रिका, सगळं माझ्या हातचं. कट निबनं मी 'श्री' काढला की लोक तो कागद घडी न घालता घरी न्यायचे. पुढे संगणक आला, वेब आलं, मी त्यात शिरलो. पण बेळगावात माझं अक्षर लांबून ओळखणारी माणसं होती आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

ती वडगावची, विणकराच्या घरातली. घरात पॉवरलूम, बोलणं मराठी, गल्ली कन्नड. दोन्ही भाषा ती सारख्याच वेगानं आणि सारख्याच मोठ्या आवाजात बोलायची. डबा कधी आणायची नाही, सगळ्यांच्या डब्यातलं खायची आणि भाजीला मीठ कमी असेल तर तसं सांगायची. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात; तिच्या तोंडी ते जरा जास्तच ठाम वाटायचं.

आली त्याच दिवशी ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी एका पतसंस्थेचं कन्नड पान लावत होतो. ती म्हणाली, "अण्णा, अक्षरांचे पाय कापलेत तुम्ही."

कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो. मी मराठीच्या हिशेबानं ओळी जवळजवळ ठेवल्या होत्या, त्यामुळे ते लटकलेले भाग चौकटीच्या कडेला छाटले गेले होते. बसची पाटी आणि बँकेची सूचना वाचण्यापुरतं माझं कन्नड. मला ते दिसलंच नव्हतं. तिनं ओळींमधलं अंतर वाढवलं, दारात गेली आणि परत येऊन माझ्या डब्यातली पोळी घेतली. मला राग आला होता तो पोळीचा नव्हता.

हे दारात जाण्याचं कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. तिनं सांगितलं की साडी मागावरून उतरली की तिचे वडील ती अंगणातल्या तारेवर टाकायचे आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघायचे. जवळून धागा दिसतो, साडी लांबून दिसते. ती लहानपणापासून त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडायची. हे ऐकल्यावर मला वाटलं, आपल्याला असं काही का नाही सांगता येत? माझे वडील भाताच्या खाचरात उभे असायचे, आणि भात जवळून-लांबून सारखाच दिसतो.

खरी गंमत झाली ती एका शिक्षणसंस्थेच्या वेळी. संस्थेत मराठी आणि कन्नड असे दोन विभाग. साइटच्या पहिल्या पानावर डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. बघायला संस्थेचे दोन विश्वस्त आले. एक इतिहासाचे निवृत्त मास्तर, मराठी विभागाचे. दुसरे कापडाचे व्यापारी, कन्नड विभागाचे. पान बघताच व्यापाऱ्यांचा चेहरा उतरला. "नमदु सण्ण याक?" त्यांनी विचारलं. म्हणजे आमचं लहान का.

मी शांतपणे दाखवलं की दोन्हीकडे अक्षराच्या मापाचा आकडा सोळाच आहे. आकड्यात काही भेदभाव नाही. व्यापाऱ्यांनी माझ्या टेबलावरची पट्टी उचलली आणि पडद्यालाच लावली. मराठी अक्षर उंच भरलं. पट्टी ठेवताना तिचा जो आवाज झाला तो मला कळला. मास्तर म्हणाले की आकडा सारखा असताना शंका घेणं बरं नव्हे. आता हे दोघं मूळचे मित्र, एकाच टपरीवर चहा पिणारे. पण आमच्याकडे एखादं अक्षर लहान दिसलं की ते नुसतं लहान राहत नाही. त्यामागे कोण आहे, हे लोक शोधायला लागतात. व्यापारी उठले आणि काम दुसरीकडे देतो म्हणाले.

ती तोवर बाजूला उभी राहून बघत होती. तिनं दोघांना हात धरल्यासारखं दारात नेलं आणि सांगितलं की आकडा अक्षराच्या अंगाचा नसतो, त्याच्या भोवतीच्या खोक्याचा असतो. दोन माणसांना एकाच मापाच्या खोल्या दिल्या म्हणून दोघं एकाच उंचीची होत नाहीत. मग मला कन्नडचं माप थोडं थोडं वाढवायला लावलं आणि दोघांना बजावलं की आपलं बघू नका, शेजारचं बघा. दोन्ही एका दमात दिसायला लागली की थांबा म्हणा. मी इकडे आकडा वाढवत होतो आणि दारात ती तिघं डोळे बारीक करून उभी. दोन्ही म्हातारे एकदमच "थांबा" म्हणाले.

त्यानंतर त्या संस्थेचा फोन आला की एकच वाक्य असायचं, "त्या बाईंना द्या." फोन माझ्या टेबलावर असायचा. तो तिच्याकडे नेऊन देण्याचं काम माझं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती आपलं काहीच हिसकावून घेत नाहीत. ती नुसती येतात, आणि आपल्याकडे बघणारे डोळे त्यांच्याकडे वळतात.

ऑफिसपर्यंत होतं तोवर मी सोसलं. पण मग ती आमच्या घरात शिरली.

माझ्या वडिलांचं नाव कऱ्याप्पा. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. गावच्या दूधसंस्थेत ते बरीच वर्षं संचालक होते आणि संस्थेची साइट आम्हीच केली होती. संचालकांच्या पानावर त्यांचं नाव नीट उमटत नव्हतं. 'दुसऱ्या'मधला र वेगळा आणि 'सूर्या'मधला र वेगळा, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण आमच्या साइटला ते ठाऊक नव्हतं. कुणाच्या फोनवर डोक्यावर रफार चढायचा, कुणाच्या फोनवर मधेच एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ यायचं. आप्पा फोन डोळ्यांजवळ नेऊन बघायचे आणि म्हणायचे, "ह्यो मी न्हवं." मी सांगायचो की ते मशीनचं असतं, त्याला इलाज नाही. मला खरोखरच तसं वाटत होतं. जुन्या फॉन्टमध्ये तो आडवा र मी वेगळा जोडायचो. नव्या पद्धतीत तो कुठं गेला, हे मी शोधलं नव्हतं.

आमच्या गावच्या जत्रेला ऑफिसचे सगळे जेवायला आले होते. आप्पांनी तिलाही फोन दाखवला. तिनं जेवता जेवता डाव्या हातानं फोन धरला, बघितला आणि म्हणाली, "मामा, उद्या तुमचं नाव तुम्हाला देतो."

दुसऱ्या दिवशी तिनं नाव पुन्हा टंकलं. खाली टिंब असलेला एक निराळा र असतो, तो घेतला की पुढचं तो आपोआप करतो, एवढंच होतं. पण आमच्या पानाच्या फॉन्टमध्ये ते रूपच नव्हतं. तिनं फॉन्ट बदलला आणि तो पानाबरोबरच फोनवर उतरेल अशी सोय केली, म्हणजे फोन कुणाचाही असो. शिवाय पान मराठी आहे अशी खूण आत घातली. त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाचे दिसायचे ते आपल्या वळणाचे झाले. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा आप्पा अंगणात बसून शेजाऱ्यांना फोन दाखवत होते. सगळी संचालकांची यादी त्यांनी मोठ्यानं वाचली, आपलं नाव दोनदा.

मी बूट काढत होतो. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय रं. पर तिचं वाचाय येतंय."

त्यांना बोचायचं नव्हतं. जे वाटलं ते बोलले. मी आत जाऊन हातपाय धुतले आणि बराच वेळ टॉवेल तोंडावर धरून उभा राहिलो. ज्या माणसासाठी मी पहिली पाटी पुसून पुसून लिहिली होती, त्यानं आयुष्यात एकदा माझ्या अक्षराला चांगलं म्हटलं, आणि त्याच दमात ते तिच्या पदरात टाकलं. पुढे ते आजारी पडले तेव्हाही ती आली की उशी उंच करायला सांगायचे. माझ्यासाठी कधी उशी उंच केली नाही.

आप्पा गेल्यावर ती दिवसभर आमच्या घरी होती. बायकांमध्ये बसली होती, रडत होती. माझा हेवा मी त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. नंतर तो होता तिथंच सापडला.

त्याच सुमारास तिनं स्वतःचा फॉन्ट करायला घेतला होता. मराठी आणि कन्नड एकाच घरचे वाटतील असा, आणि कुणालाही फुकट वापरता येईल असा. तिनं मला ळ काढून मागितला. मला मनातून फार बरं वाटलं. मी कट निब बाहेर काढली आणि रविवारभर ळ काढले. त्यातला सर्वांत देखणा तिला नेऊन दिला. तिनं तो पडद्यावर इतर अक्षरांत बसवला, 'शाळा', 'डोळा', 'वेळ' असे शब्द लिहिले आणि दारात गेली. परत यायला तिला वेळ लागला.

"लई देखणा हाय, अण्णा," ती म्हणाली. "पर ह्यो एकटा राहणारा हाय."

तिनं तो घेतला नाही. स्वतःच एक साधा, जरा बुटका ळ काढला. तो शब्दात शिरला की दिसायचाच नाही, शब्द दिसायचा. तो चांगला होता. हे मी तिला सांगितलं नाही.

मग बाहेरून विचारणा आली. जगातल्या सगळ्या लिप्या वेबवर नीट दिसाव्यात, कापल्या जाऊ नयेत, तुटू नयेत, म्हणून काम करणारा एक गट होता. त्यांना मराठी आणि कन्नडच्या अडचणी सांगणारं माणूस हवं होतं. ऑफिसच्या मालकांनी आम्हा दोघांची नावं कळवली. दोघांशी पडद्यावरून वेगवेगळं बोलणं झालं. मला त्यांनी विचारलं की काय सुधारायला हवं. मी देवनागरीच्या सौंदर्याबद्दल बोललो, शिरोरेषेबद्दल बोललो, अक्षरांबद्दल आदर असायला हवा असं म्हणालो. पलीकडची माणसं सभ्य होती. त्यांनी माना हलवल्या.

तिनं 'स्त्री' हा शब्द दाखवला. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायला सांगितलं की एका ठिकाणी वेब फक्त 'स्' मोठा करत होतं आणि 'त्री' मागे बारीक राहत होता. ती त्यांना म्हणाली की आमच्याकडे हे एकच अक्षर आहे, ते तोडलं की बाईचे दोन तुकडे होतात. त्यांनी तिला आणखी दाखवायला सांगितलं. ती दाखवत राहिली. भिंतीपलीकडून मला त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

काही महिन्यांनी तिथल्याच एकांनी तिला परदेशात नोकरी दिली. आता ती अशा लोकांच्या लिप्यांचं काम करणार होती, ज्यांची नावंही आम्ही ऐकली नव्हती. ऑफिसात पेढे तिनं वाटले, भाषण मालकांनी केलं. शुभेच्छांचा फलक मी लिहिला. सगळे म्हणाले, काय अक्षर आहे. तीही म्हणाली.

सांबऱ्याच्या विमानतळावर तिला सोडायला मी गेलो. तिचे आईवडील घरीच रडून मोकळे झाले होते, भाऊ गाडी लावायला गेला होता. तिच्याजवळ एक मोठी बॅग आणि सुतळीनं बांधलेला खोका होता, त्यात आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. दारावरच्या शिपायानं खोक्यावर लिहिलेलं नाव वाचायचा प्रयत्न केला. मान इकडे वाकडी केली, तिकडे केली आणि विचारलं की हे नक्की कुठल्या भाषेत आहे.

मी वाकून बघितलं. मार्करनं तिनं स्वतःच लिहिलेलं होतं. अक्षरं एकमेकांवर पडली होती, शिरोरेषा उतरणीला लागली होती. इतक्या वर्षांत मी तिच्या हातचं अक्षर पाहिलंच नव्हतं. ती सगळं पडद्यावरच करायची.

मला हसू आलं. तीही हसली. मग मार्कर माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुम्ही लिवा. माझा हात लहानपणापासनं असाच हाय. तुम्ही तो फलक लिवताना मी मागनं बघत हुतो. मला तुमचा लई हेवा वाटतो, अण्णा. पहिल्या दिवसापासनं."

ती हे अगदी सहज बोलली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं तसं. मी खाली बसलो आणि खोक्याच्या कोऱ्या बाजूवर तिचं नाव लिहिलं. शिपायानं ते मोठ्यानं वाचलं आणि तिला आत सोडलं. काचेपलीकडे ती खोका ढकलत गेली, रांगेत शिरली आणि एका उंच माणसामागे दिसेनाशी झाली.

मी तिथंच उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मोटारसायकलला किक मारेपर्यंत तो ओसरायला लागला. हेवा हा शब्द इतकी वर्षं माझ्याही तोंडात होता. रोज ऑफिसात तिच्यासमोर बसून मी तो गिळत होतो. आणि तिनं तो दारात, परक्या माणसासमोर, एका वाक्यात सांगून टाकला आणि मोकळी होऊन विमानात बसली.

गावात शिरेपर्यंत मला त्याचाही हेवा वाटायला लागला होता.