चाफ्याखालच्या दोन कबरी

आई गेल्यावर घरात भेटायला येणारे लोक मला एकच गोष्ट सांगत: ती आता प्रभूजवळ आहे. मी मान हलवायचो. मला मात्र ती दिसे अंबरनाथच्या दफनभूमीत, लुगड्याचा पदर कमरेला खोचून, मोठ्याने हसताना. पप्पा गेले त्याच्या पुढच्या पुनरुत्थानाच्या रविवारची, म्हणजे ईस्टरची, ती सकाळ आहे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

पप्पा पावसाळ्याच्या तोंडावर गेले. आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात राबले आणि निवृत्तीनंतर फार काळ टिकले नाहीत. मी तेव्हा उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुःख झालं की मी पुस्तकं काढायचो. त्या वर्षी पुनरुत्थानावर मिळेल ते वाचलं आणि वाचता वाचता एका सोयीच्या जागी येऊन थांबलो: माणूस आपल्या आठवणीत उरतो, त्याच्या चांगुलपणात उरतो, तेच त्याचं उठणं. एका संध्याकाळी हे मी आईला समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे मी विसरले की तुझे पप्पा पुन्हा मरणार?" तिने विचारलं.

लग्नाआधी आई नगरकडच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. कितीतरी जणांचे डोळे तिने आपल्या हाताने मिटले होते. काड्या बाजूला सारत ती म्हणाली, "मेलेलं माणूस कसं असतं ते मी पाहिलंय, बाळा. त्यात गोड काही नसतं. म्हणून तर 'प्रभू उठला' म्हणताना मी जपून म्हणते. उगीच समजूत काढायला नाही म्हणत."

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेची उपासना देवळात न होता दफनभूमीत होई. वर्षभरात ज्या घरचं माणूस गेलं असेल, त्या घरच्या थोरल्या मुलाने आपल्या माणसाच्या कबरीजवळ उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "प्रभू उठला आहे!" मग सगळी मंडळी उत्तर देई, "खरोखर उठला आहे!" त्या वर्षी आमच्या घरची पाळी होती. थोरला मीच. मी चर्चच्या पाळकसाहेबांना भेटून सांगितलं की मला जमणार नाही. जे मनात नाही ते पप्पांच्या कबरीवर उभं राहून मी कसं बोलू? ते रागावले नाहीत. "आईंना विचारा," एवढंच म्हणाले. आईला विचारायचं धैर्य मला झालं नाही.

आदल्या शनिवारी आम्ही दोघं कबर साफ करायला गेलो. पक्कं बांधकाम करायचं राहिलं होतं. मातीचा उंचवटा, भोवती दगड आणि एक लाकडी क्रूस. क्रूसावरचं रंगाने लिहिलेलं नाव पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेलं होतं. दसऱ्याच्या सुमारास गवत कापणाऱ्यांनी क्रूस उपटून पुन्हा रोवले होते, पण चाफ्याखाली उजवीकडची आपली, हे आईला पक्कं ठाऊक होतं. पावसात चिखलामुळे तिला तिथे जाता आलं नव्हतं; दसऱ्यानंतर मात्र दर रविवारी ती तिथे येऊन बसायची, पप्पांशी बोलायची. दगडांना चुना लावून आम्ही परतलो. शेजारच्या उंचवट्यावर गवत माजलं होतं. "याचं कुणी उरलं नाही वाटतं," आई हळहळली.

रविवारी पहाटे पोचलो तर आमच्या कबरीवर झेंडूची फुलं होती आणि एक म्हातारी बाई सुनेसोबत तिथे गुडघे टेकून बसली होती. ही माणसं शहाडकडून आली होती, आमची फारशी ओळख नव्हती.

"सलाम बाई," आई म्हणाली. "तुमचं माणूस कुठलं?"

"हे काय, आमचे मालक. श्रावणात गेले."

"अहो, ही आमची कबर. कालच चुना लावलाय."

"चुना तुम्ही लावला होय!" बाई उठून उभ्या राहिल्या. "मी सुनेला म्हटलं, बघ गं, मंडळी किती काळजी घेते आपली!"

दोघींनी चाफ्याकडे पाहिलं, क्रूसांकडे पाहिलं. दोन्ही एकाच सुताराचे, दोन्ही कोरे. दोघींनाही उजवीकडचीच आठवत होती. राखणदार म्हणाला, "दोन्ही त्याच पावसातल्या. आता मला कसं सांगता येईल?"

पप्पांचं म्हणून जगात एवढीच जागा माझ्याकडे उरली होती, आणि तीही आता नव्हती.

आई मात्र गवत माजलेल्या उंचवट्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं. "अगं बाई, इतके महिने मी दर रविवारी परपुरुषाशी बोलत बसले की काय!"

"आमचे अबोलच होते," म्हातारी म्हणाली. "ऐकून घेतलं असेल त्यांनी."

"आता उठतील तेव्हा दोघांनाच विचारा," मागून कुणीतरी म्हणालं. हसताना आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते ती पुसत नव्हती. खाली वाकून तिने अर्धी फुलं उचलली आणि दुसऱ्या कबरीवर ठेवली. म्हातारीने तिथलं गवत उपटायला सुरुवात केली. मंडळी मेणबत्त्या घेऊन भोवती जमली. पाळकसाहेब माझ्याकडे न पाहता थांबून होते.

"म्हण आता," आई म्हणाली.

"कुठल्या कबरीवर म्हणू, आई?"

"कबरीला कुठे सांगायचं असतं ते? माणसांना सांग. बघ, या बाई थांबल्यात."

म्हातारी खरंच थांबली होती. तिच्या मुठीत उपटलेलं गवत होतं. तिच्या घरचा थोरला आला नव्हता, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्या क्षणी माझ्या वाचनातलं काहीही तिला देण्याजोगं नव्हतं. आठवणीत उरतो, हे वाक्य तर मुळीच नाही; आठवण तर दोघींनाही एकाच कबरीपाशी घेऊन आली होती. त्या बाईला ते हवं होतं म्हणून मी म्हटलं. आवाज चिरकला, शेवटचा शब्द नीट उमटला नाही. पण उत्तर आलं, दोन्ही कबरींच्या भोवतीने, आणि त्यात आईचा आवाज सगळ्यांत ठाम होता. माझा विश्वास तिच्याइतका कधी झाला नाही. तरी त्या उत्तरात मी उभा राहू शकलो, एवढं मला कळलं.

उपासनेनंतर आई त्या सासूसुनेला घरी चहाला घेऊन आली. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. दोघी विधवा आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगत होत्या, एकीचा घोरणारा, दुसरीचा मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा, कामावर गेलेल्या माणसाच्या सांगाव्यात तशा.