आईच्या पायाचा शेक

बिडी ओढणाऱ्या बाप्यांचा पाय काळा पडतो, हे आमच्या नांदेडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. देगलूरच्या काकांचा पाय असाच गुडघ्यापासून कापलेला. ते आमच्याकडं आले आणि खुंट पसरून बसले, की मी स्वयंपाकघरातून बाहेरच येत नसे. इतकी धास्ती.

आणि आई? नदीवरून घरी येताना ती तीनदा थांबायची. पदर सारखा करायची, कुणाशी तरी उगाच बोलायची, मग पुन्हा चालायची. पोटरीत गोळा येतो म्हणायची. "बाईचे पाय दुखणारच, आमचे न्हाई दुखत का?" शेजारणी म्हणायच्या. मेलं, सगळ्यांचं दुखतं म्हणून कुणाचंच बघायचं नाही!

ऐन वैशाखात एकदा तिच्या पायांना तेल लावताना माझा हात थबकला. डावं पाऊल ऊन, उजवं गारढोण. काकांचा खुंटच डोळ्यापुढं आला. वडिलांना सांगितलं तर ते हसले. "येडी का काय? तुझी आई बिडी ओढते व्हय? वात हाय तो. शेक दे." बिडी नाही, पण दोन्ही वेळा दातांना मिसरी लावायची की! ती तंबाखू कुणी हिशेबात धरलीच नाही.

मग मी रोज दुपारी वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवायचे. "चटका बसतो का?" "न्हाई गं, लई गार हाय, अजून तापव." मी तापवायचे. पाऊल ऊन लागलं की माझी भीती जरा उतरायची, म्हणून मी जास्तच तापवायचे. तिच्या पायाला काही कळतच नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. पाचव्या दिवशी पुरचुंडी उचलली, तर फडक्याला कातडं चिकटून आलं. आई सुपारी कातरत होती. म्हणाली, "थांबलीस का गं?"

जखम भरलीच नाही. बोटं काळी पडली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. मग कडाडले, "कुणी भाजला हा पाय?"

वाटलं, आता मला धरून नेतात. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात आई म्हणाली, "मीच शेकत बसले, साहेब. पोरगी नको म्हणून राहिली होती."

मी भिऊन तोंड उघडलं नाही.