साडूभाऊंच्या छातीवर

माझे साडूभाऊ पुण्याहून आले की कोलकात्यातल्या आमच्या सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये आवाज वाढतो आणि भाजीचं पातेलं मोठं लागतं. गेल्या हिवाळ्यात आले, तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, पहिल्याच दिवशी बागबाजारचा घाट गाठून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत गंगा भरून आणली.

"एवढ्या लांब आलोय, तर देवघरात हवी," त्या म्हणाल्या.

"माझीच सोय करून ठेवली हिने!" साडूभाऊ म्हणाले. आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने.

रविवारी दुपारी जेवता जेवता ते छाती चोळू लागले. कपाळावर घाम होता, तोही थंडीत.

"गॅस," मी निकाल दिला. कोलकात्यात वीस वर्षं काढली की माणूस कशालाही गॅस म्हणायला शिकतो.

"कसला गॅस? पित्त आहे ते," बायको म्हणाली. "भावोजी, सकाळपासून चार चहा झालेत तुमचे."

मी ओव्याच्या बाजूने, ती आमसुलाच्या. सामना छान रंगला होता. तेवढ्यात साडूभाऊ खुर्चीसकट खाली कोसळले.

ताई ओरडल्या नाहीत. "अहो," एवढंच म्हणाल्या. "अहो, उठा ना."

मग मी काय केलं, ते ऐका. दाराला साधी कडी घालतानाही आविर्भाव करणारा मी माणूस. साडूभाऊंचं डोकं मांडीवर घेतलं आणि गरजलो, "गंगाजल आणा!" एरवी तीनदा मागितल्याशिवाय चमचाही न देणारी माझी बायको क्षणात बाटली घेऊन आली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मी पाणी ओतलं. ते गालावरून शर्टात गेलं. मग त्यांनी घोरल्यासारखा एक मोठा आचका दिला, जबडा उघडला, मिटला.

"श्वास घेतायत!" मी आनंदाने किंचाळलो.

"पानी हटाओ!"

दारात तळमजल्यावरच्या दिदिमणी होत्या. मुलींच्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. माझी स्कूटर वाकडी लागली की खालून शिट्टी मारायच्या, आणि मी वर त्यांची नक्कल करायचो. खुर्ची पडल्याचा आवाज ऐकून त्या धावत आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली बाटली उडवली, साडूभाऊंचे खांदे हलवून हाका मारल्या, छातीकडे पाहिलं.

"साँस चल रही है," मी म्हणालो.

"ये साँस नहीं है. मछली को पानी से निकालो, तो मुँह खोलती है ना? वही है." मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "एंबुलेंस बुलाओ. फोन स्पीकर पे रखो."

त्यांनी साडूभाऊंना फरशीवर सपाट उताणं केलं, गुडघे टेकले, छातीच्या मधोमध एका तळहाताची टाच ठेवली, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. आणि दाबायला लागल्या. किती खोल! मला वाटायचं, हे काम हलक्या हाताने, जपून करतात. इथे माणसाची छाती गादीसारखी खाली जात होती आणि वर येत होती, सेकंदाला जवळजवळ दोनदा. दिदिमणी बंगालीत मोजत होत्या.

"अहो, लागेल त्यांना!" ताई म्हणाल्या.

"मुँह से फूँकना नहीं है?" मी विचारलं.

"अभी हाथ काफी है. आप आइए. मैं थक गई तो ये नहीं बचेगा."

मी हात ठेवले. पाचव्या की सहाव्या दाबाला तळहाताखाली काडकन काहीतरी मोडलं. मी चटका बसल्यासारखे हात काढले.

"टूटने दो! दबाओ! हड्डी जुड़ जाएगी!"

मी दाबत राहिलो. माझा घाम साडूभाऊंच्या शर्टावर टपकत होता. आमच्या भागातल्या एकसारख्या गल्ल्यांत अॅम्ब्युलन्स चुकत होती आणि बायको फोनवर पत्ता ओरडत होती. आम्ही आळीपाळीने दाबत होतो. शेवटी अॅम्ब्युलन्सची माणसं आली, मशीनने विजेचा झटका दिला, एकदा, पुन्हा एकदा, आणि त्यांच्यातला एकजण म्हणाला, "पल्स मिल गया."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर ताईंना म्हणाले, हृदय थांबलं तरी हाताने दाबून मेंदूला रक्त पोचवता येतं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुणी काही केलं नसतं, तर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नसतं, असंही म्हणाले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

पन्नाशी उलटलेला माणूस मी. बारशापासून बाराव्यापर्यंतचे सगळे विधी मला पाठ. मरणाऱ्याच्या तोंडात काय घालायचं ते कुणी न शिकवता येत होतं. त्याला मरू न देण्यासाठी जे करायचं, ते एका दुपारी शिकता येतं. त्याला डिग्री लागत नाही, यंत्र लागत नाही. माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर फोन करा आणि मदत येईपर्यंत दाबत राहा. हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला ते ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

साडूभाऊ घरी आल्यावर दिदिमणींनी आमच्या हॉलमध्ये सगळ्या बिल्डिंगचा वर्ग भरवला. फरशीवर आमचा लांबुळका लोड. सोफ्यावर बरगड्या धरून साडूभाऊ. "माझ्या हाडांवर शिकलास रे, लबाडा," ते मला म्हणाले आणि हसताना कळवळले.

ताईंची पाळी आली. त्या लोडाशी बसल्या, हात ठेवले आणि दाबू लागल्या. तीस झाले. साठ झाले. बांगड्या मनगटावर आपटत होत्या. साडूभाऊ हसायचे थांबले.

"बस, बहुत अच्छा," दिदिमणी म्हणाल्या. "अब दूसरे को दो."

ताईंनी मान वर केली नाही. "आप गिनो," त्या म्हणाल्या.

दिदिमणी मोजू लागल्या.