दातांत पेन्सिल, तोंडी गेर्न

वॉर्डात तिचं नाव फटकळ सिस्टर. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचा वॉर्ड. ती तोंडावर सांगे, "आजोबा, नाक धरून उभी आहे मी. व्हा कुशीवर." म्हातारे खुदकन हसत आणि मुकाट कुशीवर होत. घाणीला घाण म्हणणारी बाई त्यांना जवळची वाटे.

नवऱ्याने टाकल्यापासून ती भावाच्या स्वयंपाकघरात झोपायची, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, ओट्याखाली. जर्मनीतल्या वृद्धाश्रमात नोकरी म्हणजे आतून कडी लागणारी स्वतःची खोली. त्यासाठी टायरच्या दुकानावरच्या क्लासात ती जर्मन शिकत होती.

मुलाखतीच्या तयारीला सरांनी एकच शब्द धरला होता: गेर्न. म्हणजे आवडीने, खुशीने.

"क्रियापद आलं की मागोमाग गेर्न. मी पोहते गेर्न, म्हणजे मला पोहायला आवडतं. चहा घेणार? गेर्न. कुणी आभार मानले? गेर्न. रात्रपाळी? बेडपॅन?"

"गेर्न!" वर्ग ओरडे.

हसू बसावं म्हणून दातांत आडवी पेन्सिल धरून हे म्हणायचं. पेन्सिली सगळ्यांच्या मिळून एका पेल्यात. चावलेल्या, ओल्या, कुणाच्या तरी थुंकीने चिकट. रोज सडक्या जखमा धुणाऱ्या तिला तिथे मळमळे.

"सर, बेडपॅन कुणाला आवडतो?"

"बाई, नोकरी हवी की खरेपणा?"

मुलाखतीला पडद्यावर पिकल्या केसांची एक नर्सबाई आली. चेहरा थकलेला. "इतकी वर्षं झाली, तरी मला अजून कधी कधी किळस येते," ती सावकाश म्हणाली. "तुम्हाला?"

सिस्टरला शब्द न् शब्द कळला. खरं उत्तर जिभेवर होतं, त्यापुरतं जर्मनही येत होतं. पण लॅपटॉपमागे सर दात विचकून स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवत होते. तिला ओट्याखालची सतरंजी दिसली.

"मी हे गेर्न करते," ती म्हणाली. सगळे दात दाखवून.

नर्सबाईचा चेहरा मिटला. पुढे तिने काही विचारलंच नाही. तिकडे माणसं कमी होती. निवड तिथल्या तिथे झाली.

जिन्यात वहिनीचा फोन आला. "झालं का गं?"

"झालं."

"सुटलो बाई एकदाचे! म्हणजे... सुटलीस गं तू. पण आवाज का असा मेल्यासारखा?"

"ठेवते, वहिनी. आधी चूळ भरू दे."