रंगावर आवळलेला बोल्ट

टेस्टरचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा, कारण सहाला थोरला भाऊ उठायचा. बापाच्या मागे घराची वाटणी झाली. पुढची खोली थोरल्याला, मागची टेस्टरला आणि त्याच्या बायकोला, आणि दार एकच, तेही पुढे. बाहेर पडायचं तर थोरल्याच्या अंथरुणाला वळसा घालावा लागे. वहिनी झोपेतच पुटपुटायची, "निघाले फुकटे भाडेकरू." मागच्या भिंतीत स्वतःचं दार पाडायचं, एवढ्यासाठी टेस्टर पोटाला चिमटा घेऊन पगारातून बाजूला टाकत होता.

गॅरेजातही दोघं एकाच छपराखाली. थोरला रंगारी, हा वायरमन. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून ते नाव. दोघं कामापुरतंही बोलत नसत.

एकदा ठोकर बसून आलेली गाडी रंगून तयार झाली आणि सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं टक. गॅरेजच्या मालकाने बॅटरी बदलली, दुसऱ्या गाडीचा स्टार्टर लावून पाहिला. तेच. थोरला बॉनेट पुसता पुसता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की रंगाआधी वायरी कोणी सोडल्या ते विचारा, काहीतरी जाळून ठेवलं असणार. मालकाला तेवढं पुरलं. दुपारी गिऱ्हाईक यायच्या आत गाडी सुरू झाली नाही तर पेटी उचलायची आणि चालू पडायचं, असं त्याने टेस्टरला सुनावलं.

पेटी उचलली की दार तर राहिलंच, वर थोरल्याच्या तुकड्यावर जगायची पाळी. पण टेस्टरने हाताला घाई करू दिली नाही.

त्याने पुढचे दिवे लावले आणि मालकाला चावी फिरवायला सांगितलं. स्टार्टर मोठा खादाड. तो वीज ओढू लागला की दिवे मंद व्हायला हवेत. हे ढिम्म. म्हणजे वीज स्टार्टरकडे जात तरी नव्हती, नाहीतर तिला परतायला वाट नव्हती. जायची जाड वायर त्याने तपासली. ती चोख होती. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला टेकवलं, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. पुन्हा चावी. काटा शून्यापाशी राहायला हवा होता, तो सरसर वर चढला. खोट परतीच्या वाटेवर होती. इंजिनातून बॉडीकडे येणारी अर्थिंगची पट्टी तर जागेवर होती, बोल्टही कचकचून आवळलेला. त्याने पट्टीखाली नख घातलं. खाली आरशासारखा रंग, आणि रंगातून वीज जात नाही.

बाकीचे रंगारी तेवढी जागा चिकटपट्टी लावून कोरी सोडतात. थोरल्याला गाडीवर कोरा ठिपका खपत नसे, मग तो बोल्टाखाली का दडेना.

टेस्टरने पान्हा लावला तसा थोरला आडवा आला.

"माझ्या रंगाला हात लावायचा नाही."

"दादा, बाजूला हो."

"खरवडलंस तर हात मोडीन. घरात माझ्या जिवावर, इथेही माझ्याच मुळावर."

टेस्टरने एक जाड केबल आणली, बॅटरीच्या उणे बाजूपासून इंजिनाला जोडली. चावी फिरली आणि गाडी धडधडली. ती बंद करून त्याने केबल काढली. पुन्हा चावी, पुन्हा टक. मालक थोरल्याला म्हणाला, "सर." थोरला सरला.

नाण्याएवढी जागा पुरली असती. टेस्टरने तळहाताएवढी खरवडली, लोखंड उघडं पडेपर्यंत. थोरला समोर उभा राहून बघत होता, आणि तो बघतोय हे टेस्टरला ठाऊक होतं. पट्टी आवळल्यावर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. शाबास कोणी म्हटलं नाही. नोकरी राहिली.

संध्याकाळी घरी आला तर पुढच्या खोलीत वाटेवर कपाट आडवं लावलेलं. भिंतीला पाठ घासत, पोट आत ओढून तो मागे गेला. वहिनी भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

पगार झाला त्या दिवशी त्याने गवंडी बोलावला. मागची भिंत फोडताना थोरला पलीकडून ओरडत राहिला, की बापाचं घर पाडतोय. मागच्या गल्लीत गटार उघडं होतं. बायको म्हणाली, दार उघडलं की वास येणार. तो म्हणाला, येऊ दे. आधीची पुंजी दाराच्या चौकटीत आणि फळीत गेली. त्या महिन्याच्या पगारातून गटारावर टाकायला एक फरशी आली.