सासऱ्यांची घागर आणि माझा शेवटचा पेपर

बी.ए.चा माझा शेवटचा पेपर सकाळी सात वाजता होता, आणि त्याच्या आदल्या दुपारी मी नर्मदेकाठच्या एका गावात आंब्याखाली बसून बाहुल्यांचं लग्न लागायची वाट पाहत होते. हे कसं झालं ते मी क्रमाने सांगते. तुमचे आजोबा ही गोष्ट नेहमी चुकीची सांगत, आणि ते तर त्या वेळी तिथे नव्हतेच.

साल एकाहत्तर. लढाई डिसेंबरात झाली, पण खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांना ती एप्रिलातच कळली होती. तुमचे आजोबा सकाळच्या भोंग्याला जायचे ते रात्रीच्या जेवणाला यायचे, आणि धाकटे भावजी नेमके उलटे. एकाच बिछान्यावर दोघं पाळीपाळीने झोपत. रजा हा शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं.

माझे सासरे, तेही त्याच कारखान्यातले, त्याच्या आदल्या वर्षी गेले. ते आजारी असताना सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, नर्मदामैयाला बोलल्या होत्या की हे बरे झाले तर भेडाघाटापासून ग्वारीघाटापर्यंत चालत येईन. सासरे बरे झाले नाहीत. तेव्हा नवस फेडायचा प्रश्नच येत नाही, असं मी एकदा भाजी निवडताना शांतपणे मांडून पाहिलं.

त्या म्हणाल्या, "मैयाने तिला वाटलं ते केलं. मी चालीन म्हटलं होतं, मी चालते. तू काहून मधात पडून राहिली?"

वर्षश्राद्ध झालं होतं आणि अक्षय तृतीया जवळ आली होती. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर देतात, म्हणजे वर त्याला तहान लागत नाही. सासऱ्यांची ही पहिलीच घागर. ती ग्वारीघाटावर, चालत जाऊन, त्याच दिवशी द्यायची असं त्यांनी ठरवलं. मुलगे कारखान्यात अडकलेले. सोबतीला उरले मी. माझा इंग्रजीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता, पण तो त्यांच्या पंचांगात नव्हता.

लग्नाच्या वेळी माझी बी.ए.ची दोन वर्षं झाली होती. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म सासऱ्यांनी स्वतः सही करून भरला होता, आणि ते गेल्यावर माझी एक परीक्षा बुडाली होती. आता बुडाली तर पुन्हा कोणी फॉर्म भरू देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी एका कागदावर वेळापत्रक केलं. पहिल्या दिवशी सकाळच्या बसने भेडाघाट. संध्याकाळी लम्हेटा, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी नऊला तिलवारा, बाराला ग्वारीघाट, घागर देऊन चारला घरी. मग संध्याकाळभर अभ्यास. मी कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकला आणि विचारलं, "यात मैया कुठे आहे?"

मैया उजव्या हाताला असावी लागते, परिक्रमेचा नियम आहे. म्हणून घराकडून निघून ग्वारीघाटाहून उलटं जायचं नाही. आधी बसने लांब भेडाघाटाला जायचं आणि मग घराच्या दिशेने पायी परतायचं. घागर मात्र आम्ही शहरातल्या गोहलपुरातून घेतली. सासूबाईंनी तिथल्या कुंभाराच्या दुकानात सात घागरी वाजवून पाहिल्या आणि पहिलीच घेतली.

चालणं अवघड नव्हतं, ऊन होतं तरी. अवघड होतं ते गावांमधून सुटणं. वैशाखात त्या काठावर रोज काहीतरी असतंच. पहिल्या गावात देवीच्या मढियाची, म्हणजे छोट्या देवळाची, वर्षाची पूजा होती. हातात काठी आणि डोक्यावर गाठोडं दिसलं की तिथली माणसं ओळखतात की हे परकम्मावासी, म्हणजे परिक्रमेला निघालेले. मग त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि परकम्मावासीनेही नाही म्हणायचं नाही. आम्ही अकराला पुऱ्या खाल्ल्या. पुढच्या वस्तीत अखंड रामायण चालू होतं, तिथे एक तास बसलो आणि शिरा खाल्ला. मी टाचणांची वही काढली तर शेजारची म्हातारी कौतुकाने म्हणाली, "बहू भी बाँच रही है।" सासूबाईंनी तिला सांगून टाकलं की ही विलायती पोथी आहे. लम्हेट्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशी, प्रत्यक्ष अक्षय तृतीयेला, मी सासूबाईंना पहाटे उठवलं. नऊऐवजी अकरा वाजले आणि तिलवारा अजून दूर. त्या दिवशी मुहूर्त लागत नाही, म्हणून सगळ्या जगाची लग्नं तेव्हाच. तीन वराती आडव्या आल्या, आणि प्रत्येकीला वाट देऊन आम्ही काटेरी कुंपणाला चिकटून उभ्या राहिलो. मी घड्याळ पाहत होते.

"घड्याळाला पाहून पाय लवकर उचलतात का?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई, पण राग कमी होतो."

"मग पाह्य."

आणि मग ते गाव. तिकडे अक्षय तृतीयेला अकती म्हणतात आणि मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. आंब्याखाली मांडव, आंब्याच्या पानांचं तोरण, भिजवलेले हरभरे आणि गूळ. पंधरावीस मुली, त्यांच्या आया, दोन ढोलकवाले. एक ठसठशीत बाई पुढे झाली. वधूची आई तीच, म्हणजे बाहुलीच्या मालकिणीची आई.

"ऐसे कैसे जाओगी, बाई? बिटिया का ब्याह है। परकम्मावासी भूखे निकल जाएँ तो हमें पाप लगेगा।"

"कितना टाइम लगेगा?" मी विचारलं.

"बस, कलश रखा कि ब्याह हुआ।"

सासूबाई विधवा, म्हणून मांडवापासून लांब बसल्या आणि थोड्या वेळाने हातपाय धुवायला नदीवर उतरल्या. इकडे लग्न लागेना. अर्ध्या तासाने कळलं की कलश हातातून पडून फुटला आहे आणि दुसरा आणायला कोणीतरी पुढच्या गावी गेलं आहे. पुढच्या गावचा कुंभारही कुठल्यातरी वरातीत असणार. मुली रडकुंडीला आल्या होत्या. बारा वाजून गेले होते. जेवल्याशिवाय सासूबाई हलणार नव्हत्या आणि लग्न लागल्याशिवाय जेवण नव्हतं.

आमच्या गाठोड्याशेजारी घागर होती. कोरी, लाल, रिकामी. मी सरळ उचलली आणि त्या बाईच्या हातात दिली.

मला पूर्ण आठवतं की माझ्या मनात काय होतं. मी मिनिटं मोजत होते. घागर म्हणजे घागर, ग्वारीघाटावर दुसरी घेऊ, असं वाटलं. शिकलेल्या माणसाचं डोकं असं चालतं. पाच मिनिटांत घागरीला हळदीची बोटं लागली, तोंडात आंब्याची पानं आणि वर नारळ बसला.

सासूबाई वर आल्या तेव्हा मंगल गाणी सुरू झाली होती. त्यांनी मांडवाकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे, मग माझ्याकडे.

"ती त्यांची घागर आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"मुलींचा कलश फुटला होता आई. मी त्या बाईला सांगते आणि परत मागून घेते."

"काय सांगशील?"

"की ही आमच्या... की ही पितरांची आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं. "लग्नाच्या मांडवात उभी राहून सांगशील, की हा मेलेल्या माणसाचा घडा आहे? त्या पोरींच्या आयांना?" मग म्हणाल्या, "तोंड बंद ठेव आणि बस. आता लग्न होऊ दे."

लग्न होऊ द्यायला साडेतीन वाजले. ढोलकवाल्यांना थांबायचं नव्हतं, वरपक्षाने रुसून दाखवलं, बाहुलीला निरोप देताना खरी रडारड झाली. जेवणं झाली. शेवटी मुलींनी बाहुल्यांसकट कलश नदीवर नेला आणि सोडून दिला. सासूबाई काठावरून तो बुडेपर्यंत पाहत राहिल्या. माझा राग इतक्या दिशांना पांगला होता की कोणावर काढावा ते कळत नव्हतं, आणि त्यातला मोठा वाटा माझ्याच नावाचा होता.

तिलवाऱ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कुंभाराचं दुकान बंद. ग्वारीघाट अजून तीन तास, आणि तिथून खमरिया म्हणजे शहराचं दुसरं टोक. नागपूरच्या रस्त्यावर शहराकडे जाणारी बस उभी होती.

"चला आई, बसा. उद्या दुपारी पुन्हा इथूनच चालू करू."

"पायी निघालेलं माणूस गाडीत बसत नाही. तू जा."

"तुम्हाला इथे एकटं टाकून?"

"धर्मशाळेत दहा बाया आहेत. सकाळी घागर घेते आणि चालते. तू पेपर दे. फॉर्म त्यांनी भरला होता ना?" मी हलले नाही, तेव्हा त्या कंडक्टरकडे वळल्या. "भैया, इसको बिठा लो। इसका इम्तिहान है।"

कंडक्टरने मला चक्क हाताला धरून वर घेतलं.

घरी तुमच्या आजोबांनी दार उघडलं आणि पहिला प्रश्न केला, "आई कुठे?" उत्तर ऐकून ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. मी वही उघडली. सकाळी सातला पेपर दिला. तळपायाला फोड होते, म्हणून चपला काढून बाकाखाली ठेवल्या होत्या. एक प्रश्न लिहायचा राहून गेला.

पेपर संपल्यावर परस्पर ग्वारीघाटावर गेले. सासूबाई शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. घागर देऊन झाली होती.

"एक दिवस उशीर झाला आई. माझ्यामुळे," मी म्हटलं.

"त्यांना काय, जन्मभर ओव्हरटाईम केला. एक दिवस जेवायला उशीर झाला तर कुरकुर करतील, थांबतील." मग विचारलं, "पेपर?"

"एक प्रश्न राहिला."

"किती होते?"

"पाच."

"मग चार झाले ना," त्या म्हणाल्या आणि मला धरून उठल्या.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले, दुसऱ्या वर्गात. सासूबाईंनी पेढे वाटले आणि क्वार्टरांच्या दोन्ही रांगांत, दारोदार, सांगितलं की सूनबाईला मैयाने पास केलं. मी आठ महिने पहाटे उठून अभ्यास केला होता, हे मी प्रत्येक दारात त्यांच्या मागे उभी राहून सांगायचा प्रयत्न केला. कोणी ऐकलं नाही.